जाळी की बायपास : भालकीच्या ओसरीवरचा वाद

लॅपटॉपच्या पडद्यावर काळ्या शाईची एक फांदी उमटली, थरथरली, पुसट झाली. पुन्हा उमटली. मामा चष्मा कपाळावर सारून पुढं वाकले.

"हे आक्काचं?"

"हो. ही डावीकडची मोठी. एलएडी म्हणतात हिला. हृदयाच्या पुढच्या भिंतीला हीच रक्त पुरवते. इथं बघा, उगमालाच किती बारीक झालीय."

"दोऱ्यावाणी."

"आणि ही दुसरी, ही तिसरी. तिन्हींत आहे."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. दिवेलागण झाली होती. आत आई, म्हणजे मामांची आक्का, भाकरी थापत होती, तिच्या हाताचा थपथप आवाज ओसरीपर्यंत येत होता. सांगूनही ऐकत नाही ती. आठ महिने छातीत जड व्हायचं, घास अडकल्यासारखं वाटायचं, आडातून दोन घागरी आणल्या की दम लागायचा, आणि आम्ही सगळे मिळून त्याला पित्त म्हणत होतो. मीसुद्धा. मी कलबुर्गीतल्या एका कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, अकरा वर्षं झाली. रोज दुसऱ्यांच्या आयांच्या रक्तवाहिन्या अशाच पडद्यावर बघतो. बाईमाणसाचा हृदयविकार पुष्कळदा छातीत कळ न येता धाप, मळमळ, थकवा असा येतो, हे मी नव्या मुलांना शिकवतो. घरात ते माझ्या लक्षात आलं नाही, याचं शल्य आहे आणि ते राहणार.

"मग काय ठरवलास?" मामांनी विचारलं.

"स्टेंटच्या जाळ्या टाकून घेऊ. तीन, फार तर चार. मनगटातून नळी जाते, छातीला हात लागत नाही. तिसऱ्या दिवशी घरी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

मी लॅपटॉपचा आवाज कमी करायचं निमित्त केलं. त्याला आवाज नव्हताच.

"काय लपवायलास?"

"ते बायपास म्हणाले."

मामा निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलेला माणूस, उत्तराआधीची पायरी गाळली की त्यांना लगेच कळतं. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली. गळ्याखालून निघून पोटाच्या वरपर्यंत गेलेला तो फिकट व्रण मी लहानपणापासून नाही, पण तरुणपणापासून बघत आलोय.

"२००८ साली हैदराबादेत झालं. दोन एकर रान गेलं त्यात. आज मी हिथं बसलोय, तुझ्यासंगं भांडायलोय. त्यावेळी मलाही एकानं सांगितलं होतं, फुगा मारू, जाळी टाकू, दोन दिवसांत घरी जा. मी म्हणलं, नको. जे करायचं ते एकदाच करा."

"मामा, २००८ च्या जाळ्या आणि आजच्या जाळ्या यांत फरक आहे. आताच्या औषध लावलेल्या असतात, आतून मांस वाढून बंद होण्याचं प्रमाण खूप कमी झालंय. आणि तुम्ही पन्नाशीच्या आत होता. आई अडुसष्टची आहे. तिची छाती मधून करवतीनं कापायची, हृदय मशीनवर घ्यायचं, पायातली शीर उपटायची..."

"उपटत नाहीत. सोडवून घेतात."

"मला माहीत आहे कसं घेतात ते."

माझा आवाज चढला होता. आतली थपथप क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली.

मामांनी विषय बदलल्यासारखं केलं, पण बदलला नव्हता. "पायातली शीर वापरायची ही पद्धत कुणी रुजवली, ठाऊक आहे? रेने फावालोरो. अर्जेंटिनाचा माणूस. बारा वर्षं तो हासिन्तो अराउस नावाच्या आडगावात खेड्यातला डॉक्टर होता. बाळंतपणं करायचा, हाडं बसवायचा. तिथनं अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला आणि १९६७ च्या मे महिन्यात पायातली शीर काढून हृदयाला जोडली. ऑपरेशननंतर मी झोपून होतो तेव्हा वाचलं हे सगळं. मला लई बरं वाटलं होतं, की आपली छाती ज्यानं वाचवली त्यानं आपल्यासारख्याच लोकांत आयुष्य काढलं होतं."

"मग माझ्या माणसाचंही ऐका. आंद्रेआस ग्रुंट्झिग. झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून त्यानं फुगे तयार केले. १९७७ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या हृदयातली वाहिनी फुग्यानं उघडली. रोगी अडतीस वर्षांचा होता, बायपास ठरलेलीच होती त्याची. शेजारी सर्जन तयार उभे होते, फसलं तर लगेच छाती उघडायला. गरज पडली नाही. तेवीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही ती जागा उघडीच होती."

"एका जागी अडथळा होता ना त्याला?"

"हो. एकाच."

"मग?"

या एका 'मग'वर मी अडकलो. मामांनी पडद्याकडं बोट केलं, पण बोलले ते बीदरबद्दल.

"नौबादची सुरंगबावी बघितलास ना? बहमनींच्या काळातली. जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं. कितीतरी वर्षं गाळानं बुजून पडली होती, अलीकडं गाळ काढला. आता समज, एकाच तोंडापाशी माती ढासळली. तिथली माती काढली, कडेला दगड लावला, पाणी सुरू. तुझी जाळी म्हणजे तेच, आणि ते बराबर आहे. पण बोगद्याची सगळी भिंतच मऊ झाली असेल, तर आज हिथं दगड लावला, उद्या पुढं ढासळणार, परवा मागं. तिथं शहाणा माणूस काय करेल? चांगल्या पाण्यापासून नवा पाट काढून सरळ खालच्या अंगाला नेऊन सोडेल. मधे काय ढासळायचं ते ढासळू दे. आक्काला शुगर किती वर्षं आहे?"

"सोळा."

"मग भिंत मऊ आहे का नाही, तू सांग."

सांगायला मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. मधुमेहात रक्तवाहिनी एका ठिकाणी बिघडत नाही, लांबीभर बिघडते. जाळी जिथं टाकली तेवढीच जागा धरून ठेवते. बायपासमध्ये नवी वाट अडथळ्यांच्या बऱ्याच पुढं नेऊन जोडतात, त्यामुळं मागं नवा अडथळा झाला तरी स्नायूला रक्त मिळत राहतं. आणि हे नुसतं तर्काचं राहिलेलं नाही. मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्यांत अडथळे असलेल्या १९०० रोग्यांवर 'फ्रीडम' नावाची चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत जाळ्यावाल्यांत शंभरातले सोळा दगावले, बायपासवाल्यांत अकरा. हा फरक मी आमच्याकडं येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगितलेला आहे, कानडीत, मराठीत, दखनीत.

"सोळा आणि अकरा," मामा म्हणाले. "वजाबाकी कर."

"पण त्याच चाचणीत पक्षाघात बायपासवाल्यांत जास्त होता. शंभरात पाच, इकडं दोन-अडीच. आणि ठरवून केलेल्या ऑपरेशनातही शंभरातली एक-दोन माणसं टेबलावर किंवा त्या महिन्यात जातात. तो एक कोण असेल ते आधी कुणाला सांगता येतं?"

"नाही येत."

मामांनी हे मान्य केलं त्यानं मला आणखीच असहाय वाटलं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मग मी माझं हुकमी पान काढलं. औराद तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट. रात्री दोनला छातीत कळ, घामानं अंथरूण भिजलेलं. पोरानं मोटारसायकलवर मधे बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणला. तिथं ईसीजी काढला, तो फोनवरून मोठ्या केंद्रावर गेला, तिथल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजचं इंजेक्शन तिथंच दिलं गेलं. फुकट. एरवी हजारो रुपये पडतात त्याला. कन्नड नट पुनीत राजकुमार हृदयविकारानं गेले २०२१ च्या ऑक्टोबरात, सेहेचाळीस वर्षांचे. त्यांच्या नावानं 'हृदय ज्योती' योजना २०२३ मध्ये सुरू झाली ती याचसाठी. त्या शेतकऱ्याची कळ पहाटेपर्यंत उतरली, दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आला, जिथं गुठळी झाली होती तिथं जाळी बसवली, चौथ्या दिवशी चालत गेला.

"त्याला बायपासला नेला असता तर?" मी विचारलं. "झटका चालू असताना अर्ध्या अर्ध्या तासाला स्नायू मरत असतो. ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत फुगा फुगवता येत नसेल तर आधी इंजेक्शन द्या, असा नियम आहे. भालकीहून कलबुर्गीला गाडीच दोन तास घेते. औरादहून आणखी जास्त. आपल्या सरहद्दीच्या माणसाला पहिल्यांदा इंजेक्शनच वाचवणार, मग जाळी. सर्जनची पाळी यायला तो जिवंत तर राहिला पाहिजे."

"यात कुठं माझा विरोध आहे?" मामा म्हणाले. "पेटलेल्या गंजीवर आधी हाताला येईल ते पाणी टाकायचं. पण आक्काची गंजी पेटलेली नाही. आठ महिने धुमसायलीय. तिला आठ-पंधरा दिवस आहेत विचार करायला. तू त्या शेतकऱ्याचा नियम हिला लावायलास, कारण तो तुला सोयीचा आहे."

यावर मी गप्प राहिलो, कारण मामांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती त्यांच्याच बाजूची होती. ती इथं लिहिली पाहिजे.

कॅथलॅबचं दार अर्धं उघडतं. आत रोगी टेबलावर आहे, मनगटात नळी आहे. बाहेर मुलगा किंवा जावई उभा आहे, हातात चपला, खांद्याला पिशवी. त्याला विचारलं जातं, "ब्लॉक आहेत. आत्ताच टाकून घ्यायचं का? पुन्हा नळी घालायला नको." झटका चालू असेल तेव्हा हा प्रश्न योग्य आहे, उलट विचारण्यातही वेळ जाऊ नये. पण ज्याला महिनोन् महिने दुखतंय, ज्याला शुगर आहे, ज्याच्या तिन्ही वाहिन्या गेल्यात, त्याच्या मुलाला दारात उभं करून हा प्रश्न विचारणं मला अन्याय वाटतं. तो हो म्हणतो. नाही म्हणायला त्याच्याकडं काय आहे? त्याला कुणी सांगितलेलं नसतं की नळी काढून घेऊन, सीडी घेऊन, हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना एकत्र बसवून दोन दिवसांनी ठरवता येतं. अकरा वर्षांत ते दार मी कितीदा आतून पाहिलंय. आईच्या तपासणीच्या दिवशी मी पहिल्यांदा बाहेर होतो. आमच्या सरांनी मला 'आत्ता टाकू का' असं विचारलं नाही. ते बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "सर्जनशी बोल." चार दिवस झाले, मी बोललो नव्हतो.

"सर्जनला भेटलास?" मामांनी नेमकं तेच विचारलं.

"नाही."

"का?"

"भेटलो तर ते बरोबर सांगतील म्हणून."

मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घालून म्हणालो, "मामा, मी उघडलेल्या छात्या बघितल्यात. ती मधली हाडं दोन बाजूंना ताणून धरणारं लोखंड बघितलंय. तिथं आईचा चेहरा येतो माझ्यासमोर."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुला एक सांगू? २०१९ ला मला पुन्हा दम लागायला लागला होता."

"ठाऊक आहे. पायातल्या शिरेची एक जोडणी बंद पडली होती. जाळी टाकली तुम्हाला. मामींनी सांगितलं होतं."

"मग इतका वेळ बोलला का नाहीस? माझ्या बायपासची फुशारकी ऐकत बसलास."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कारण मग तू म्हणला असतास, बघा, शेवटी जाळीच लागली." ते थांबले. "लागलीच. पण ऐक. तीन जोडण्या होत्या माझ्या. दोन पायातल्या शिरेच्या, एक छातीच्या हाडामागच्या धमनीची. शिरेची एक गेली. छातीतली धमनी आजही पाण्यासारखी वाहतीय, तुझ्याच लोकांनी दाखवली मला पडद्यावर. तिच्यावर उभा आहे मी."

हेही खरंच. पायातली शीर मुळात धमनीच्या दाबासाठी घडलेली नसते, दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास जोडण्या बंद पडतात. छातीतली, स्तनामागची धमनी मात्र दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदांत चालू असते. आईची एलएडी ज्या जागी बारीक झाली आहे, त्या जागेसाठी त्या धमनीच्या तोडीची जाळी अजून कुणी केलेली नाही. हे वाक्य मी लिहितोय, जाळ्यांवर पोट असलेला माणूस.

तरी मी एकदा शेवटचं खेटून बघितलं. "खर्च, मामा. दहा-बारा दिवस कुणीतरी तिच्याजवळ राहायचं, रक्ताची सोय, माझ्या पाळ्या..."

"माझ्या वेळी दोन एकर गेलं. दोन वर्षांनी, २०१० ला गरिबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना आली, आधी आपल्याच गुलबर्गा विभागात. दोन वर्षं थांबता आलं असतं तर रान राहिलं असतं. आता आयुष्मान आरोग्य कर्नाटक आहे, तुमचं बीपीएल कार्ड आहे, सरकारी दवाखान्याचं पत्र लागतं ते तू आणशील. गुलबर्ग्यात, म्हणजे तुझ्या कलबुर्गीत, जयदेव हृदयरोग संस्थेचं ३७१ खाटांचं नवं हॉस्पिटल झालंय २०२४ च्या डिसेंबरात. सोलापूर, हैदराबाद करत फिरायची वेळ आक्कावर नाही. आणि जवळ राहायचं म्हणशील तर मी राहतो. मला दुसरं काय काम आहे?"

त्या आरोग्यश्रीवर पुढं अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. योजनेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं तुलनेला घेतली होती. अलीकडच्या गरीब घरांत, योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू पलीकडच्यांपेक्षा ठळकपणे कमी निघाले. हद्दीची एक रेघ माणसाच्या आयुष्यात काय करते ते भालकी-कमालनगरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आम्ही रेघेवरच राहतो. कागद कानडीत, घर मराठीत, मोठं ऑपरेशन तेलंगणात.

"आणि गोळ्या?" मामा म्हणाले. "जाळी टाकली की रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, वर्षभर, एक दिवस न चुकता. बरोबर?"

"सहा महिने ते वर्ष. मधेच सोडल्या तर जाळीत गुठळी होऊ शकते."

"आक्का श्रावण सोमवारी गोळी घेत नाही. एकादशीला घेत नाही. उपास मोडतो म्हणती. तुझ्या चार जाळ्या, आणि तिच्या वर्षाच्या चोवीस एकादश्या."

"गोळ्या बायपासनंतरही लागतातच मामा. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, शुगरची. त्यातून सुटका कशातच नाही."

"लागतात. पण एका एकादशीनं छातीतली धमनी बंद पडत नाही."

दाराशी कडी वाजली. आई पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर काळी फांदी उमटत होती, थरथरत होती, पुसट होत होती.

"हे माझंच का रे?"

"हो."

तिनं बराच वेळ बघितलं. मग मामांकडं वळली. "तुझं किती दिवस दुखलं?"

"छाती फारशी नाही. खोकला आला की उशी दाबून धरायची. पाय जास्त दुखला, जिथनं शीर काढली तिथं. सूज होती तीन महिने."

"आणि भाकरी?"

"हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने थापायची नाही," मी म्हणालो. "जड उचलायचं नाही. आडावर जायचं नाही."

"थापंल की कुणीतरी."

सर्जनला भेटायला उद्या पहिल्या गाडीनं जायचं ठरलं. संमतीपत्राचा नमुना मी वाचायला म्हणून आणून पिशवीत तसाच ठेवला होता, तो मामांनी काढायला लावला. सगळा कानडीत. मामांनी एक एक ओळ वाचून आईला मराठीत सांगितली. रक्तस्रावाची ओळ आली, पक्षाघाताची आली, मृत्यूची आली. मला वाटलं, ते ती गाळतील. त्यांनी गाळली नाही. आई मधे मधे "बरं" म्हणत होती, पोथी ऐकताना म्हणते तसं.

कागद संपल्यावर ती म्हणाली, "त्या डॉक्टराला एक सांग. शीर डाव्या पायाची घ्या म्हणावं. चुलीपुढं मी उजव्यावर बसते."